गूजच्या जाती: नावावर जाऊ नका, रंगावर तर मुळीच नको

पाणथळ

बदकांच्या धाग्यावर गूजचा विषय निघाला आणि मूळ चर्चा भलतीकडेच वाहवत गेली, म्हणून हा वेगळा धागा. पक्षीनिरीक्षक ज्यांना कादंब म्हणतात आणि पाळणारे सरसकट राजहंस म्हणून मोकळे होतात, ते हे पक्षी. स्वान आणि रोहित इथे नकोत. हौस असेल त्याने त्यांच्यासाठी निराळा धागा काढावा.

कोणी फोटो टाकला की खाली लगेच उत्तरं पडतात: पांढरा म्हणजे एम्डेन, राखाडी म्हणजे तुलूझ. रंग हा ओळखीचा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. आधी चोचीचं मूळ बघा. जगातल्या पाळीव गूजांचे पूर्वज दोनच. युरोपातल्या जाती राखी कादंबापासून, म्हणजे ग्रेलॅगपासून आल्या. चिनी आणि आफ्रिकन या जाती आशियातल्या स्वान गूजपासून आल्या. या दुसऱ्या वंशात चोच जिथे कपाळाला मिळते तिथे गाठ असते, नरात ठसठशीत आणि मादीत लहान. पिलांना ती नसते, वाढत्या वयात येते. गंमत म्हणजे जंगली स्वान गूजला अशी गाठ नसते, ती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेली आहे. ग्रेलॅगच्या वंशात गाठ नाही, मान जाड, आणि मानेवरच्या पिसांना उभ्या चुण्या पडलेल्या असतात. चिनी गूजची मान बारीक, लांब आणि गुळगुळीत.

दोन्ही वंशांचा संकर होतो आणि संकरित पिलांनाही पुढे पिलं होतात. त्यामुळे अर्धीमुर्धी गाठ, मानेवर पुसट चुण्या असे मधलेच पक्षी भरपूर दिसतात. त्यांना जातीचं नाव देण्याचा अट्टाहास करू नये.

आता मुख्य चार जाती.

एम्डेन जर्मनीतला. शुभ्र, उंच, ताठ चालीचा, नारिंगी चोच आणि निळे डोळे. चांगला वाढलेला नर बारा किलोच्या आसपास जातो, मादी नऊच्या. तुलूझ फ्रान्सचा. राखाडी, बुटका, पोट जमिनीला टेकेल असं. प्रदर्शनासाठी वाढवलेल्या तुलूझच्या गळ्याखाली कातडी लोंबते. साध्या तुलूझला ती नसते, म्हणून लोक त्याला दुसरीच जात समजतात. वजनाला एम्डेनच्या तोडीचा, पण स्वभावाने संथ.

चिनी गूज या दोघांच्या निम्म्याने. नर साडेपाच किलोच्या आत. पांढरा आणि तपकिरी असे दोन रंग. अंडी देण्यात सगळ्यांच्या पुढे आणि आवाजातही. आफ्रिकन म्हणजे चिनीचाच धिप्पाड भाऊ, दहा किलोपर्यंतचा, गाठ मोठी आणि गळ्याखाली कातडी. याचा आफ्रिकेशी काहीही संबंध नाही, वंश पूर्व आशियातलाच.

बाकीच्या जाती तुम्ही भरा.

गवतफूल

छान सुरुवात. पिलग्रिम राहिला, आणि माझ्या मते तो राहता कामा नये.

गूज पाळणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे नर कोण आणि मादी कोण हे कळत नाही. कोंबड्यात तुरा दिसतो, बदकांत नराच्या शेपटीला मुरडलेलं पीस येतं, इथे तसलं काही नाही. पिलग्रिममध्ये ही भानगडच नाही. नर पांढरा, मादी राखाडी. अंड्यातून बाहेर आलेल्या पिलांतही फरक दिसतो: नराचं पिलू फिकट पिवळसर आणि फिकट चोचीचं, मादीचं करड्या पिसांचं आणि गडद चोचीचं. अमेरिकेत १९३९ मध्ये या जातीला अधिकृत मान्यता मिळाली. शेटलंड, वेस्ट ऑफ इंग्लंड आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडची कॉटन पॅच या जातींतही असाच रंगभेद आहे. पिलग्रिम स्वभावाने सगळ्यांत शांत मानला जातो आणि माझा अनुभवही तसाच आहे.

बाकी जातींत आवाज ऐकावा. नराचा आवाज चिरका आणि उंच, मादीचा जाड आणि खोल. आपल्याला सहसा उलटं वाटतं. कळपात कोणी मध्ये शिरलं की आधी चिरक्या आवाजात पुढे येतो तो नर. तरी खात्री हवी असेल तर पिलांचं लिंग शेपटीखाली तपासूनच कळतं, आणि ते जाणत्याकडून शिकून घ्यावं. जोर लावला तर पिलू जायबंदी होतं.

सेबास्टोपोलबद्दल कोणीतरी लिहाच. त्याची पिसं बघून लोक विचारतात की याला काही आजार झालाय का!

टवाळ

वाचतोय. माझा प्रश्न अगदी साधा आहे. यातली न चावणारी जात कोणती? मला जातीची ओळख पटेपर्यंत तो माझी पोटरी ओळखून घेतो.

पाणथळ

टवाळभाऊ, न चावणारी जात नाही, न चावणारा मोसम असतो. विणीच्या काळात पिलग्रिमचा नरही अंगावर येतो, आणि एरवी चिनीसुद्धा निवांत चरत असतो. जातीइतकाच फरक वाढवण्याने पडतो. हाताळून वाढवलेला एकटा नर माणसाला घाबरेनासा होतो आणि मोठा झाला की माणसालाच प्रतिस्पर्धी समजतो. लाडाने वाढवलेलेच जास्त चावतात ते यामुळे.

त्याची देहबोली वाचता आली पाहिजे. मान उंच ताठ करून एका डोळ्याने बघतोय, म्हणजे नुसता सावध आहे. मान जमिनीलगत लांब करून, चोच उघडून फिस्स करतोय, म्हणजे आता येणार. अशा वेळी पाठ फिरवून पळू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून, हात जरा पसरून, सावकाश मागे सरकावं. चोचीपेक्षा पंखाचा फटका जास्त लागतो, पंखाच्या सांध्याचं हाड चांगलंच टणक असतं. लहान मुलांना विणीच्या दिवसांत दूर ठेवावं, यात चेष्टा नाही.

गूजचे 'दात' म्हणून फिरणारे फोटो दातांचे नाहीत. चोचीच्या कडांना आणि जिभेच्या बाजूंना करवतीसारखे कंगोरे असतात. गवत धरून तोडायला ते लागतात. गूज मुळात चरणारा प्राणी आहे. तो बदकासारखा चिखल ढवळत बसत नाही, गाईसारखा पुढे पुढे चरत जातो.

राखणीचं म्हणाल तर रोमची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. इ.स.पू. ३९० च्या सुमाराला गॉल लोक रात्री कॅपिटोलिन टेकडी चढत असताना जूनो देवीच्या मंदिरातल्या गूजांनी कल्ला करून पहारेकऱ्यांना जागं केलं, असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. गोष्ट किती खरी ते असो, स्वभाव खरा आहे. स्कॉटलंडमध्ये डंबार्टनच्या व्हिस्कीच्या गोदामांवर १९५९ पासून अनेक दशकं चिनी गूजांचा पहारा होता. नजर तीक्ष्ण, झोप हलकी, आणि ओळखीच्यालाही माफी नाही. शेजारी जवळ असतील तर मात्र चिनी घेऊ नका. रात्री पान हललं तरी ते सगळ्यांना कळवतात.

शंकेखोर

आमच्या कार्यालयातल्या गटावर दर काही महिन्यांनी एक संदेश येतो. गूज इंग्रजी व्ही आकारात उडतात, त्यामुळे ७१ टक्के जास्त अंतर कापतात, पुढचा थकला की मागे येतो, मागचे ओरडून त्याला प्रोत्साहन देतात, एखादा जखमी झाला तर दोघे त्याच्याबरोबर खाली उतरतात. मग खाली संघभावनेवर व्याख्यान. यातलं खरं किती?

दुर्बीण

या धाग्याची वाट बघत होतो.

७१ टक्के हा आकडा आकाशातून आलेला नाही, कागदावरून आला आहे. लिसामन आणि शोलेनबर्गर यांनी १९७० मध्ये विमानशास्त्राची गणितं वापरून एक अंदाज मांडला: २५ पक्षी आदर्श रचनेत उडाले तर एकट्या पक्ष्यापेक्षा त्यांचा पल्ला इतका वाढू शकतो. हे गणित होतं, कोणत्याही खऱ्या गूजवर मोजमाप केलेलं नव्हतं. पुढे उडणाऱ्या पिंक-फुटेड गूजांचे फोटो काढून अंतरं मोजली तेव्हा बरेच पक्षी त्या आदर्श जागेपासून सरकलेले आढळले, म्हणजे प्रत्यक्ष बचत बरीच कमी. बचत होते हे मात्र खरं. पुढच्याच्या पंखाच्या टोकामागे हवा वर उठते, तिच्यावर मागचा तरंगतो. याचा सगळ्यात चांगला पुरावा २०१४ मध्ये आला तो गूजवर नाही, बाल्ड आयबिस या पक्ष्यावर. त्यांच्या पाठीवर यंत्रं बांधून बघितलं तर ते नुसते योग्य जागीच नव्हते, पंखांची फडफडही पुढच्याच्या तालाला जुळवत होते.

पुढचा बदलत राहतो, हे बरोबर. ओरडणं प्रोत्साहनासाठी नसतं, कळप विस्कटू नये म्हणून एकमेकांना दिलेली ती हाक असते. जखमीबरोबर दोघे उतरतात यावर माझा विश्वास नाही. जोडीदार किंवा पिलं घुटमळतात, कारण गूजांत कुटुंब पुढच्या वसंतापर्यंत एकत्र राहतं. त्याला संघभावना म्हणायचं की घरची माणसं, हे कार्यालयाने ठरवावं.

आता माझा आवडता विषय. उंच उडण्याबद्दल बोलायचं तर पट्टकादंबाशिवाय चालणार नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, फिकट राखाडी अंग, नारिंगी-पिवळी चोच. वजन दोन-तीन किलो, म्हणजे पाळीव एम्डेनच्या चौथ्या हिश्श्याइतकं. उन्हाळ्यात लडाखमधल्या त्सो मोरिरीसारख्या सरोवरांवर, तिबेटात आणि मंगोलियात वीण, हिवाळ्यात भारतातल्या जलाशयांवर. मध्ये हिमालय.

हा एव्हरेस्टवरून उडतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. उपग्रहाने माग काढलेल्या पक्ष्यांत नोंदलेली सर्वाधिक उंची ७,२९० मीटर आहे, आणि प्रवासातला बहुतेक वेळ ते पावणेसहा हजार मीटरच्या खालीच असतात. शिखरांवरून नव्हे, खिंडी आणि दऱ्या धरून जातात. मला ही खरी हकीकत दंतकथेपेक्षा भारी वाटते. गरुडासारखे ते वर चढणाऱ्या गरम हवेवर तरंगत नाहीत, सतत पंख मारत जातात. मैदानातून निघून सात-आठ तासांच्या सलग चढणीत तिबेटच्या पठारावर पोचल्याच्या नोंदी आहेत. तेही बहुधा रात्री किंवा पहाटे, कारण तेव्हा हवा थंड म्हणून दाट असते आणि वारा पडलेला असतो.

२०१५ मध्ये पक्ष्यांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की एकदा कमावलेली उंची ते टिकवून धरत नाहीत. जमीन खाली गेली की तेही खाली उतरतात आणि पुढचा डोंगर आला की पुन्हा चढतात. वरकरणी हा वेडेपणा वाटतो. पण विरळ हवेत पंख मारायला इतकी ताकद लागते की वर राहून सरळ जाण्यापेक्षा खाली उतरून पुन्हा चढणं स्वस्त पडतं.

शरीरही त्यासाठी घडलेलं आहे. फुप्फुसं मोठी, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट, आणि हिमोग्लोबिनच्या साखळीत एक अमिनो आम्ल बदललेलं. तेवढ्या बदलाने ते विरळ हवेतला ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं.

अवांतर: जेसिका मीर या संशोधिकेने पट्टकादंबाची पिलं स्वतः वाढवली. पिलांनी तिलाच आई मानलं, म्हणून ती पिलं तोंडाला मुखवटा लावून वाऱ्याच्या बोगद्यात उडायला तयार झाली. ऑक्सिजन नऊ हजार मीटरवर असेल इतका कमी केला तरी काही पक्षी उडत राहिले. तो अभ्यास २०१९ मध्ये छापून आला आणि त्याच वर्षी मीर अंतराळ स्थानकात पोचली.

शंकेखोर

म्हणजे गटावर हा प्रतिसाद चिकटवला तर मला काढून टाकतील. तरी चिकटवतो.

पिलांनी तिलाच आई मानलं, हे सगळ्याच जातींत होतं का?

दुर्बीण

सगळ्यांत. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक कॉनराड लॉरेन्झने १९३० च्या दशकात हे राखी कादंबावरच दाखवलं. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही तासांत जो हलताना आणि बोलताना दिसेल, त्याच्यामागे पिलू लागतं. लॉरेन्झला १९७३ चं नोबेल टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांच्यासोबत मिळालं, त्यामागे हेही काम होतं.

हा ठसा फक्त आईपुरता राहत नाही. स्नो गूजमध्ये दोन रंग आहेत, एक पांढरा आणि एक निळसर करडा. बराच काळ त्यांना दोन स्वतंत्र प्रजाती समजत. पांढऱ्या आईबापांत वाढलेलं पिलू मोठेपणी बहुतेक वेळा पांढराच जोडीदार निवडतं, निळ्यांतलं निळा. म्हणजे घरात बघितलेला रंग डोक्यात राहतो.

नवखा_पाळक

सगळ्यांना नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझ्याकडे गूजची पिलं आहेत, कोंबडीच्या पिलांसोबत वाढवतोय आणि त्यांचंच खाद्य देतोय. त्यातल्या दोघांचे पाय वाकडे पडतायत, एक तर बसूनच असतं. हे जातीचं लक्षण आहे का? विकणाऱ्याने एम्डेन सांगितलं होतं.

गवतफूल

जातीचं नाही, बहुधा नियासिनची कमतरता. गूज आणि बदकाच्या पिलांना हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांपेक्षा बरंच जास्त लागतं, कोंबडीखाद्यात ते पुरेसं नसतं. ब्रुअर्स यीस्ट रोज खाद्यात मिसळायला लागा आणि बसून राहिलेलं पिलू आजच पशुवैद्याला दाखवा. सुरुवातीला पकडलं तर पाय सावरतात, उशीर झाला तर तसेच राहतात. कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगावरची औषधं मिसळलेली असतात, ती सगळीच गूजला चालत नाहीत. पिशवीवरचं लेबल वाचा आणि वैद्यालाही तेच दाखवा. पायाखाली वर्तमानपत्र असेल तर तेही काढा. गुळगुळीत जमिनीवर पाय फाकतात.

पुढची चूक आत्ताच टाळा. पिलं पटापट वाढावीत म्हणून प्रथिनांचा आणि दाण्यांचा मारा केला की पंखाचं टोक बाहेर वळतं, त्याला एंजल विंग म्हणतात. वाढत्या पिसांचं वजन सांध्याला झेपत नाही. वेळीच पंख अंगाला बांधून ठेवला तर सुधारतो, मोठेपणी नाही. तळ्याकाठी लोक पाव टाकतात तो तर कोणत्याच वयात देऊ नये. गूजचं खरं खाद्य कोवळं गवत. पिलं पहिल्या आठवड्यातच चरायला लागतात.

पाणी: तळं नसलं तरी चालेल, पण भांडं इतकं खोल हवं की चोच आणि डोकं पूर्ण बुडेल. नाकपुड्या आणि डोळे ते त्यातच धुतात. एम्डेन, तुलूझसारख्या जड जातींना जोडी लागायला पोहण्याइतकं पाणी मिळालं तर बरं, जमिनीवर त्यांची तारांबळ उडते. जड जातीत एका नराला दोन-तीन माद्या पुरतात, चिनीत चार-पाचही चालतात. मादी साधारण महिनाभर खुडूक बसते. अंडं मोठं असतं, दीडशे ग्रॅमच्या आगेमागे. पहिल्या वर्षीच्या अंड्यांवर फार आशा ठेवू नका, दुसऱ्या वर्षापासून पिलं नीट निघतात. घाई नसावी, हा पक्षी वीस वर्षंही जगतो.

पाणथळ

गवतफूलताईंच्या प्रतिसादातली एक गोष्ट अधोरेखित करतो: गवत. याच गुणासाठी चिनी गूज कापूस आणि स्ट्रॉबेरीच्या शेतांत तण खायला सोडत असत. रुंद पानाचं पीक ते बहुधा सोडून देतात आणि पात्याचं गवत वेचून खातात. मात्र भातात किंवा मक्यात सोडाल तर पीकही गवतच आहे.

सेबास्टोपोलची फर्माइश होती. त्याच्या पिसांचा कणा मऊ असतो, त्यामुळे ती लांबच लांब, कुरळी होऊन लोंबतात. काळ्या समुद्राच्या भागातली जात. आजार नाही, पण उडता येत नाही आणि पावसात पिसं पाणी नीट झटकत नाहीत, निवारा लागतोच. रोमन गूज लहान, पांढरा, काहींच्या डोक्यावर पिसांचा झुबका. जर्मनीतला स्टाइनबाखर आणि रशियातला तुला हे एके काळी झुंजीसाठी वाढवलेले, दोघांची चोच आखूड आणि मजबूत. टवाळभाऊ, हे दोन तुमच्यासाठी नाहीत.

टवाळ

आभारी आहे. इजिप्शियन गूजबद्दल कोणीच बोललं नाही. तो दिसायला देखणा आहे, डोळ्याभोवती तपकिरी चष्मा. आणायचा विचार करतोय.

दुर्बीण

कारण तो गूज नाही. इजिप्शियन गूज चक्रवाकाच्या कुळाला जवळचा. झाडाच्या ढोलीतसुद्धा घरटं करतो आणि स्वभावाने कमालीचा भांडखोर. युरोपात सोडलेल्या पक्ष्यांची पिलावळ वाढून आता तिथे तो उपद्रवी ठरला आहे. आणू नका.

खरे कादंब दोनच गटांत. राखाडी आणि पांढरे ते आन्सर, त्यांच्या चोची आणि पाय बहुधा नारिंगी किंवा गुलाबी. काळ्या चोचीचे, काळ्या पायांचे ते ब्रँटा. पाळीव सगळे आन्सरमधले.

ब्रँटामधला सर्वांत माहितीतला कॅनडा गूज, काळी मान आणि हनुवटीवर पांढरा पट्टा. २००४ पर्यंत त्याच्यातच धरलेले लहानखुरे पक्षी आता कॅकलिंग गूज म्हणून वेगळे मोजतात. कॅनडा गूजचा सर्वांत मोठा उपप्रकार नामशेष झाला असं १९५० च्या दशकात धरून चालले होते, तो १९६२ मध्ये मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावात सापडला. आज उत्तर अमेरिकेत कॅनडा गूज इतके आहेत की विमानतळांना त्यांची डोकेदुखी आहे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर जे प्रवासी विमान उतरवावं लागलं, त्याच्या दोन्ही इंजिनांत हेच शिरले होते.

बार्नॅकल गूज ग्रीनलंडच्या कड्यांवर घरटं करतो, कोल्ह्यांच्या भीतीने. वर चारा नसतो आणि कोणताच गूज पिलांना चोचीने भरवत नाही, त्यामुळे दोन-तीन दिवसांच्या पिलांना कड्यावरून उडी मारावी लागते. हलकी आणि लोकरीसारख्या पिसांची असल्याने बरीच वाचतात, सगळी नाही. रेड-ब्रेस्टेड गूज सायबेरियात बहिरी ससाण्याच्या घरट्याशेजारी वीण करतो. ससाणा कोल्ह्याला आसपास फिरकू देत नाही, त्याचा आडोसा याला मिळतो. माझ्या मते दिसण्यात याला तोड नाही: काळा, पांढरा आणि विटकरी तांबडा.

हवाईचा नेने हा कादंब १९५० च्या सुमाराला जेमतेम तीसेक उरला होता. पक्षीसंवर्धक पीटर स्कॉटने इंग्लंडमधल्या स्लिमब्रिजला काही पक्षी नेऊन त्यांची पैदास केली, हवाईतही प्रयत्न झाले, आणि २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला 'धोक्यात' या यादीतून एक पायरी खाली आणलं. लाव्हाच्या खडकांवर राहून त्याच्या बोटांमधला पडदा कमी झालाय.

गवतफूल

'कोणताच गूज पिलांना भरवत नाही' याला एक अपवाद आहे ना? मॅगपाय गूज?

दुर्बीण

अपवाद म्हणता येणार नाही, कारण तोही नावापुरता गूज. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला हा काळा-पांढरा पक्षी बदक-गूज-स्वान या कुळातच नाही, त्याचं कुळ स्वतंत्र. पिलांना चोचीने भरवतो, बोटांना पडदा अर्धवट, आणि बहुधा एक नर दोन माद्यांसोबत राहतो. ऑस्ट्रेलियाचाच केप बॅरन गूजही वेगळाच. फिकट राखाडी, चोचीवर पोपटी-पिवळं आवरण, पोहायचा कंटाळा, आणि खारं पाणी पिऊ शकतो. आफ्रिकेतल्या स्पर-विंग्ड गूजच्या पंखाच्या सांध्यावर काटा असतो. विषारी भुंगे खाल्ले की त्याच्या मांसातही ते विष उतरतं.

शंकेखोर

बॅडमिंटनच्या फुलात गूजची पिसं असतात ती कुठली? त्या निमित्ताने विचारून घेतो.

पाणथळ

पंखाची. एका फुलाला १६ पिसं, आणि सगळी एकाच बाजूच्या पंखाची घ्यावी लागतात, बहुधा डाव्या. दोन्ही बाजूंची मिसळली तर बाक उलटसुलट येऊन फूल नीट फिरणार नाही. बोरूच्या जागी पिसाने लिहीत तेव्हाही उजव्या हाताने लिहिणारे डाव्या पंखाचं पीस पसंत करत, त्याचा बाक डोळ्यांपासून दूर जातो.

नवखा_पाळक

यीस्ट सुरू केलंय, पशुवैद्यानेही तेच सांगितलं. बसून राहणारं पिलू आता चार पावलं टाकतंय. गवतफूलताई, मनापासून धन्यवाद.

आता वेगळीच काळजी. मोठ्या जोडीच्या पंखांची लांब पिसं अचानक गळतायत, रोज सकाळी खुराड्यात खच पडलेला असतो. ही कसली लागण?

गवतफूल

लागण नाही, पिसं गाळतायत. गूज वर्षातून एकदा उड्डाणपिसं जवळजवळ एकदमच टाकतो, त्यामुळे जंगलातले कादंबही साधारण महिनाभर उडू शकत नाहीत. बहुतेक जातींत पिलांना पंख फुटत असतात त्याच सुमाराला हे होतं, म्हणजे सगळं कुटुंब एकत्र जमिनीवर आणि एकत्रच पुन्हा हवेत.

नवी पिसं निळसर नळीतून येतील, त्यात रक्त असतं. तोपर्यंत पंख धरून उचलू नका, दोन्ही हातांनी अंगाखालून उचला. गवताबरोबर प्रथिनांचं खाद्य थोडं वाढवा. कुत्र्यांपासून सांभाळा, एरवी फडफडून निसटतात तसं आत्ता निसटता येणार नाही. त्वचा लाल दिसली, जागोजाग टक्कल पडलं किंवा पिसांच्या मुळाशी उवा दिसल्या, तर मात्र ते पिसं गाळणं नव्हे.